७६ क्रमांकाच्या गाडीस अनावृत पत्र

प्रिय बीएमडब्ल्यू एम-१,

तुझं नाव निघालं की लोक अँडी वॉरहॉलच्या २८ मिनिटांबद्दल बोलतात. १९७९ साली तेवढ्या वेळात त्यानं तुला नखशिखान्त रंगवलं, सुमारे सहा किलो रंग वापरून. याचं नवल मलाही वाटतं. पण त्यानंतरचे तुझे ल मान्सच्या शर्यतीतले २४ तास मला अधिक मोलाचे वाटतात. हे पत्र त्यांच्यासाठी.

बीएमडब्ल्यूच्या तुझ्या थोरल्या बहिणींनाही मोठे चित्रकार लाभले होते: १९७५ मध्ये अलेक्झांडर कॉल्डर, मग फ्रँक स्टेला, मग रॉय लिक्टेनस्टाइन. चित्रकारानं छोट्या प्रतिकृतीवर रंगकाम करायचं आणि कारागिरांनी ते खऱ्या गाडीवर उतरवायचं, अशी रीत होती. वॉरहॉल थेट तुलाच भिडला. ब्रशचे फराटे आणि ओल्या रंगातून फिरलेली त्याची बोटं तुझ्या अंगावर आजही दिसतात. गाडी भरधाव निघाली की तिच्या रेषा आणि रंग एकमेकांत मिसळून जातात. तो वेग त्याला रंगवायचा होता. उभ्या गाडीवर त्यानं पळती गाडी काढली.

ती खरोखर पळवली एर्वे पुलँ, मानफ्रेड विंकेलहॉक आणि मार्सेल मिन्यो या तिघांनी. यातला पुलँ फ्रान्समधला लिलावकर्ता. कलाकृतींना बोली लावून घेणं हा त्याचा व्यवसाय. चित्रकारानं रंगवलेली गाडी शर्यतीत उतरवायची ही कल्पनाही त्याचीच. कॉल्डरची गाडी त्यानं स्वतः चालवली होती. ती शर्यत पुरी करू शकली नाही, तरी तो पुन्हा आला. चित्रावर ओरखडा पडला तर काय गमावलं जातं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? आणि तरीही त्यानं तुला ल मान्सच्या सहा किलोमीटरांच्या सरळ रस्त्यावर, रात्रीच्या अंधारात, रविवारच्या पावसात नेलं. एखादं वळण चुकलं असतं तर वॉरहॉलचं चित्र कठड्यावर आदळून संपलं असतं. तू एकूण सहावी आलीस, तुझ्या गटात दुसरी.

कुणी म्हणेल, चालकांनी गाडी चालवली, कला वॉरहॉलची. मला हे पटत नाही. नुसता रंगच हवा असता तर कॅनव्हास पुरला असता. तुझ्या चित्रात धोका हाही एक रंग आहे, आणि तो त्या तिघांनी भरला. २०२४ मध्ये तुझ्या घराण्यातली नवी गाडी रंगवणाऱ्या ज्युली मेहरेतूनं तर स्पष्टच सांगितलं, की शर्यत संपेल तेव्हाच ही कलाकृती पूर्ण होईल. तीही गाडी ल मान्सला धावली.

म्हणून तुला प्रदर्शनात मांडणाऱ्यांकडे, तुझ्या वतीनं, माझं एक मागणं आहे. तू जिथे जिथे उभी राहशील, तिथल्या फलकावर वॉरहॉलच्या शेजारी पुलँ, विंकेलहॉक आणि मिन्यो यांचीही नावं असावीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

तुझा,
एक चाहता