पहिली चमक शून्य

पहिल्या चमकेला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘शून्य’ म्हणायचं. आकाशात कोलांट्या खात जाणाऱ्या निकामी उपग्रहांच्या आणि रॉकेटच्या टप्प्यांच्या चमका मोजायच्या, या छंदात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो. स्टॉपवॉच सुरू झालं ती चमक शून्य. मग एक, दोन, तीन. दहावीला बटण दाबायचं आणि आलेल्या सेकंदांना दहाने भागायचं. एकाच जोडीतलं अंतर मोजलं तर बोटाला झालेला उशीर सगळाच्या सगळा उत्तरात उतरतो. दहा अंतरांत तो वाटला जातो.

यासाठी मुंबईबाहेरच्या वांगणी-नेरळचा अंधार लागतोच असं नाही, शहरातली गच्चीही चालते. सूर्य मावळून तासभर झाला की खाली काळोख असतो, पण ८४० किलोमीटरवर अजून ऊन असतं. तिथे झेनित रॉकेटांचे रिकामे टप्पे फिरताहेत, प्रत्येकी सुमारे ११ मीटर लांब. असा टप्पा कोलांट्या खात असला, तर एका कोलांटीत त्याची कूस दोनदा ऊन आपल्याकडे फेकते. दोन्ही चमका सारख्या नसतात. मोठी, बारीक, मोठी, बारीक. बारीक चमक सुटली की आकडा थेट दुप्पट येतो, म्हणून दुर्बीण डोळ्यावरून काढायची नाही आणि मोजणी तोंडाने, मोठ्यानेच करायची. शेजारी बघतात, बघू देत.

एका रात्रीचा आकडा मुका असतो. तोच टप्पा पुन्हा पुन्हा मोजला, की चमकांमधलं अंतर वाढत चाललेलं दिसतं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात ॲल्युमिनियमचं कवच फिरतं, त्यात विजेचे भोवरे उठतात आणि तेच त्या फिरण्याला खीळ घालतात. एवढी सूक्ष्म गोष्ट स्टॉपवॉचवर पकडता येते, याचं मला अजूनही अप्रूप आहे. बेल्जियममधल्या हौशी निरीक्षकांनी असे आकडे वर्षानुवर्षं जमवून मोठा संग्रह उभा केला. त्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे.

पण सगळेच मंदावत नाहीत. १९९२ साली समुद्राची उंची मोजायला सोडलेला टोपेक्स-पोसायडन २००६च्या जानेवारीत बंद पडला. त्याचा सौरपंख एकच, एका बाजूला. त्यावर पडणाऱ्या उन्हाच्या दाबाने, मंदावण्याऐवजी, तो वेग घेत गेला आणि दहा वर्षांत साधारण अकरा सेकंदांत एक गिरकी घेऊ लागला. नुसत्या उन्हाने!

एनव्हिसॅट हा सुमारे आठ टनांचा युरोपीय उपग्रह ८ एप्रिल २०१२ला गप्प झाला. असं धूड कधी पकडून खाली आणायचं, तर ते किती वेगाने आणि कसं फिरतंय हे आधी कळायला हवं. म्हणून वहीत तारीख, वेळ, जागा, मोजलेल्या चमका आणि सेकंद, सगळं लिहायचं. टप्पा एकसारख्या उजेडाने निघून गेला, तर ‘चमकला नाही’ हेही लिहायचं. अशी ओळ बहुतेक जण गाळतात. त्याचं फिरणं थांबत आलं असेल, तर त्याची पहिली खूण त्या ओळीतच सापडते.