मोड आलेल्या बाजरीची बोली

शेवगाव तालुक्यातल्या आत्याच्या गावी चर्चमध्ये हंगामाचा सण खरीप घरात आल्यावर होतो. तारीख पाळक आणि कमिटी मिळून ठरवतात. मात्र साखर कारखाने सुरू व्हायच्या आत सण उरकावा लागतो, नाहीतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं कोपीवर पोचलेली असतात. मी गेलो त्या वर्षी परतीच्या पावसाने सगळ्यांचीच दैना केली होती. कापून ठेवलेली बाजरी शेतातच भिजली, कणसांना मोड आले. कापूस बोंडातच काळा पडला.

तरी मंदिर सजलं होतं. वेदीशी उसाची कमान, खाली कांद्याच्या माळा, तुरीच्या शेंगा, लिंबं, अंड्यांची टोपली, एक मोठा लाल भोपळा आणि पाय बांधलेला गावरान कोंबडा. त्याने प्रार्थनेतही तोंड मिटलं नाही. ज्यांना शेत नाही त्यांनी चहापावडरीचे पुडे, साखर, मजुरीच्या पैशांची पाकिटं आणली होती. पेटी-तबल्यावर उपकारस्तुतीची भजनं झाली. पाळकांनी लूकच्या शुभवर्तमानातला दहा कुष्ठरोग्यांचा उतारा घेतला. दहाही बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. मग बाकीचे नऊ कुठे, असं पाळकांनी विचारलं तेव्हा आत्या माझ्या कानाशी पुटपुटली, "घरी गेले असतील बिचारे, लेकरं बघायला."

चर्चमध्ये असा सण करण्याची आजची पद्धत मूळची इंग्लंडमधली. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावी रॉबर्ट हॉकर या धर्मगुरूंनी १८४३ मध्ये ती सुरू केली. अमेरिकन मराठी मिशन त्याआधी, १८३१ मध्येच, नगरला आलं होतं. पुढे हा सणही इकडे रुजला, पण साजरा करणारी माणसं निराळी होती. एकोणिसाव्या शतकात नगर भागात ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य महार-मांग कुटुंबं होती. त्यातली कितीतरी दुसऱ्याच्या रानात राबत आणि वाट्याला येईल त्या धान्यावर वर्ष काढत. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, त्यांनी हंगामाचा सण करावा, हे मला त्या उसाच्या कमानीपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

शिवाय बायबलमधल्या ज्या जुन्या विधीशी हा सण जोडला जातो, त्यात नुसती टोपली ठेवून भागत नाही. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली आणणाऱ्याला आपला इतिहास सांगावा लागतो: पूर्वज भटके होते, मिसरात आमच्याकडून वेठबिगारी करून घेतली, तिथून सुटलो तेव्हा ही जमीन मिळाली. मग त्या आनंदात जमिनीचा वाटा नसलेले लेवी आणि परदेशी यांनाही सामील करून घ्यायचं. आधी राबवलं गेल्याची आठवण आणि मग आभार, असा तो क्रम आहे. आपल्याकडच्या उपदेशांत पहिला भाग बहुधा गळतो. त्या दिवशीही गळला.

उपासनेनंतर अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव. खरा सण तोच. सेक्रेटरी खुर्चीवर चढले आणि लिंबापासून सुरुवात झाली. बाजारात पाच रुपयांना मिळणारं लिंबू दोनशेला गेलं. भोपळा पाचशेला गेला. घेणाऱ्याने तो पुन्हा वेदीशी ठेवला, मग सातशेला गेला, तिथूनही परत आला. "सातशे एक वार, सातशे दोन वार..." पोरं ओरडत होती. पुण्याहून आलेला एक तरुण बोली चढवत होता आणि त्याची बायको मागून त्याची बाही ओढत होती.

त्या बाहीकडे बघताना लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगर आणि राहुरीत वर्षानुवर्षं काम केलं, मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग-भजनांची चाल दिली. हातात आलेला पैसा देऊन टाकणं हा त्यांचा स्वभाव; उरलेल्यात घर चालवणं लक्ष्मीबाईंकडे. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात ही ओढाताण त्यांनी हसत हसत लिहून ठेवली आहे. माझा कल लक्ष्मीबाईंच्या बाजूने आहे. देणाऱ्याचं कौतुक मंडळीत होतं, त्याचा हिशेब चुलीपाशी बसतो.

मग बाजरी आली. आत्याच्या शेजारचे एक काका उठले आणि त्यांनी पायलीभर बाजरी पुढे ठेवली. दाणे काळपट, मोड आलेले, वासही येत होता. आडतीवर कोणी हात लावला नसता. क्षणभर सगळे गप्प झाले आणि मग बोली भराभर चढली, कोणी हजारही म्हणालं. काकांनी हात वर केला.

"हजार कशाचे लावता? कोंबड्यांना घालायची आहे ती. चाळीस रुपयांची वस्तू."

"काका, देवाच्या नावाचं आहे."

"देवाला ठाऊक आहे ती कसली आहे ते. पीक आलं तेवढं आणलं. चांगलं आलं असतं तर चांगलं आणलं असतं."

लोक हसले, पण काका हसले नाहीत. बायबलमधल्या गरीब विधवेने जवळच्या होत्या त्या दोन टोल्याही दान केल्या, ती गोष्ट तिथल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्यामुळे कोणी गरिबीतून काही आणलं की मंडळी लगेच तिची आठवण काढते आणि देणाऱ्याला विधवा करून टाकते. काकांना ते नको होतं. आपल्या धान्याचा खरा भाव बोलला जावा आणि तरीही ते अर्पण म्हणून वेदीशी राहावं, एवढीच त्यांची मागणी होती. शेवटी बाजरी साठ रुपयांना गेली, तीही त्यांच्याच भाच्याने घेतली. वहीत नोंद करताना सेक्रेटरींनी नुसतं 'धान्य' लिहिलं, तर काकांनी वाकून पाहिलं आणि "मोड आलेली" हे शब्द लिहायला लावले.

जेवणं झाल्यावर कमिटी हिशेबाला बसली. पाळकांचा पगार, डायोसिसचा वाटा, छताचे दोन गळके पत्रे. मग सेक्रेटरींनी जुनी वही काढून गेल्या वर्षीच्या लिलावाची उधारी मोठ्याने वाचायला घेतली. यादी बरीच लांब होती. भोपळ्याचे सातशे बोलणारे गृहस्थ तिच्यातही होते, आणि त्यांना पहिल्या एसटीने नगर गाठायचं होतं.