निवळू दे

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात, शेवटाशेवटाला, एक झरा येतो. दुर्जनापुढे ज्याचा पाय डळमळला तो नीतिमान माणूस तुडवलेल्या झऱ्यासारखा, नासलेल्या उगमासारखा, असं तिथे म्हटलंय. गेले आठ दिवस मी त्याच ओळीपाशी अडलोय. त्या पुस्तकात नीतिमान आणि दुर्जन यांच्याबद्दल पानोपानी ठाम बोल आहेत: हा टिकेल, तो उखडला जाईल. ते वाचून मी पुढे जातो. या झऱ्यापाशी पाऊल पुढे पडत नाही, कारण इथे दुर्जनाबद्दल काहीच सांगितलेलं नाही. आणि पाणी भरायला कोणीतरी खाली उतरत असणारच.

कोकणात आमच्या घराखाली असाच एक झरा होता. आम्ही पोरं त्यात पाय घालून चिखल उठवायचो. आजी रागावत नसे. घागर बाजूला ठेवून दगडावर बसायची आणि म्हणायची, "निवळू दे." पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ आलं, की ती मडक्याला आतून निवळीची बी घासायची, सकाळी गाळ तळाशी बसलेला असे. पण एका उन्हाळ्यात झऱ्यात काहीतरी मरून पडलं. त्या दिवशी आजी थांबली नाही. लांबून पाहिलं आणि रिकामी घागर घेऊन परतली. पुढचे दोन पावसाळे आमच्या घरातलं कोणी तिकडे फिरकलं नाही.

त्या ओळीच्या मूळ हिब्रूतही दोन शब्द आहेत. एक पायांनी तुडवलेल्या झऱ्याचा, दुसरा नासवलेल्या उगमाचा. दोन्ही एका दमात, जणू एकच गोष्ट. मला ती एकच वाटत नाही. निदान एके दिवशी, एका खोलीत, माझाही पाय डळमळला आणि मी मान हलवली, तेव्हापासून तरी ती एक नसावी असं मला वाटतंय.

या अध्यायाच्या मथळ्यात लिहिलंय, की शलमोनाची ही सूत्रं यहूदाचा राजा हिज्किया याच्या माणसांनी उतरवून घेतली. हा हिज्किया झऱ्यांचा राजा. अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून येतोय म्हटल्यावर त्याने गावाबाहेरचे झरे बुजवले, शत्रूला पाणी मिळू नये म्हणून. गीहोन झऱ्याचं पाणी यरुशलेमच्या आत नेणारा, कातळातून खोदलेला सुमारे ५३३ मीटरचा बोगदा त्याचाच मानतात. १८८० मध्ये त्यात एक कोरीव लेख सापडला. आज तो इस्तंबूलला आहे. दोन टोकांकडून खोदत आलेले लोक, मध्ये तीन हात कातळ उरलेला असताना, एकमेकांच्या हाका ऐकतात, असं त्यात आहे. राजाचं नाव नाही. मला ते कामगार फार जवळचे वाटतात. अंधारात पलीकडचा आवाज आपल्याच माणसाचा आहे हे त्यांना कळलं.

पण याच राजाने इ.स.पू. ७०१ मध्ये लाखीश नगरात असलेल्या सन्हेरीबाकडे निरोप धाडला, की माझं चुकलं. ३०० किक्कार (तिथलं वजनाचं माप) चांदी आणि ३० किक्कार सोनं कबूल केलं. मंदिराच्या दारांना त्याने स्वतः मढवलेलं सोनं स्वतःच ओरबाडून काढलं. सन्हेरीबाच्या लेखातही तीस किक्कार सोन्याची नोंद आहे. तरी बायबल त्याला श्रद्धावान राजांत अग्रभागी बसवतं. शहरही वाचलं.

मग झरा तुडवला गेला होता, की नासला होता? ही ओळ उतरवताना त्याच्या लेखनिकांना दारांवरचे ते ओरखडे आठवले असतील का? की ते सारं अजून घडायचंच होतं? शहरातल्या बायका बोगद्याच्या टोकाला घागरी भरत होत्या आणि पाणी गोड होतं, एवढ्याने उत्तर मिळतं असं मला परवापर्यंत वाटत होतं.

आजीला कळायचं कसं, हे मी विचारायला हवं होतं. वास यायचा? रंग? की ती वर्षानुवर्षं तिथे उतरत होती म्हणून?

मी मान हलवली त्या दिवशी खोलीत असलेला मुलगा काल पुन्हा आला, पूर्वीसारखाच, सल्ला मागायला. मी सांगत होतो. तो बराच वेळ खाली बघत ऐकत राहिला.