घाटातली चिठ्ठी

महाडहून निघालेली एसटी पोलादपूरला थांबली आणि मग महाबळेश्वरच्या दिशेनं आंबेनळी घाट चढू लागली. ऑगस्ट संपत आलेला. खाली सावित्रीचं खोरं, वर ढगात बुडालेले कडे. एका वळणावर दुरुस्तीसाठी गाडी थांबली. उतरल्या उतरल्या माझ्या भाच्यानं ओल्या कातळावरच्या जांभळ्या फुलाकडे हात नेला.

"थांब, तोडू नकोस!"

"पण मामा, शास्त्रज्ञ तोडतातच की!"

खरं होतं त्याचं. वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाची फांदी कागदात दाबून वाळवतात आणि साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटरच्या जाड कागदावर चिकटवतात. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणात, मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये असे हजारो कागद जपून ठेवलेत. पण गंमत अशी, की त्यावरची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कोपऱ्यातली चिठ्ठी. झाड कुठं मिळालं, कधी, कुणाला, किती उंचीवर, हे त्यात लिहिलेलं असतं.

चिठ्ठी मोघम असली तर? दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी स्टॉक्स आणि लॉ या साहेबांनी आपल्याकडची खूप झाडं गोळा केली. त्यांच्या कितीतरी नमुन्यांवर नुसतीच छापील चिठ्ठी आहे : 'मलबार, कोकण वगैरे'. आता सांगा दोस्तांनो, कोकण म्हणजे पोलादपूर की मालवण? शोधायचं कुठं?

याउलट शिंदळ माकुडीचं झालं. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञांना ती १८६० च्या दशकात जुन्नरकडच्या डोंगरांत मिळाली. मुंबईचे गव्हर्नर फ्रियर यांच्यावरून तिचं शास्त्रीय नाव पडलं फ्रेरिया. चांदणीसारखं तांबडं फूल, त्यावर पिवळे ठिपके, आणि वास असा की माश्याच याव्यात! जगात ती फक्त आपल्या सह्याद्रीतच, तीही मोजक्या कड्यांवर. पण ठिकाण नोंदलेलं होतं, म्हणून अभ्यासकांना तिच्यापर्यंत पुन्हा जाता आलं. तिची रोपं करून डोंगरात लावताही आली.

भाचा समोर बघत होता. हिरव्या डोंगरावर लांबलचक तांबडा ओरखडा होता.

"दरड?"

"हो. जुलै २०२१ च्या पावसात हा रस्ताही तुटला होता. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळियेची वाडी दरडीखाली गेली. माणसं गेली, ते दुःख तर फार मोठं. पण डोंगर कोसळतो तेव्हा त्यावरची झाडंही जातात. चिठ्ठी नसेल, तर तिथं काय उगवत होतं हे कोण सांगणार?"

त्यानं गुपचूप वही काढली. फुलाचं चित्र काढून खाली तारीख टाकली. 'आंबेनळी घाट, पोलादपूरची बाजू, ओला कातळ. फूल जांभळं. नाव माहीत नाही.'

"दुर्मीळ निघालं तर जागा चारचौघांत सांगायची नाही हं. लोक उपटून नेतात. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना दाखवू."

"आणि मामा, उंची?"

ड्रायव्हरकाका हसले. "लिही, अर्धा घाट!"

त्यानं तेही लिहिलं. फूल कातळावरच राहिलं.