पंधरा कपांचा निवाडा

पोरं गोट्या खेळत आहेत आणि एक पोक्त गृहस्थ शेजारी उकिडवा बसून विचारतो आहे, "काय रे, हे नियम केले कुणी?" असं दिसलं तर आपण त्याच्या घरी कळवू! पण झाँ पियाजे या स्विस पंडितानं नेमकं हेच केलं आणि १९३२ साली मुलांच्या नीतिबुद्धीवर भला मोठा ग्रंथ लिहिला. लहानग्यांना नियम म्हणजे थोरांकडून आलेली, न बदलणारी वस्तू वाटते. मोठी पोरं म्हणतात, सगळ्यांनी ठरवलं तर बदलू की!

त्याची कपांची गोष्ट मला फार आवडते. जेवायला हाक आली म्हणून एक मुलगा दार लोटतो आणि दारामागचे पंधरा कप फुटतात. दुसरा चोरून मुरंबा काढायला जातो, त्याच्या हातून एकच कप फुटतो. जास्त वाईट कोण? गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी मी घरच्या बालगोपाळांना हे विचारलं. सहा वर्षांच्या नातवानं चकली मोडत निकाल दिला, "पंधरावाला!" दहा वर्षांची नात उसळली, "अरे, त्याला ठाऊक तरी होतं का?" आणि आतून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, दारामागे कप ठेवले कुणी, ते आधी विचारा!"

माझी भाची समाजकार्य शिकलेली. त्यामुळे लॉरेन्स कोलबर्गच्या सहा पायऱ्या तिला तोंडपाठ : शिक्षेच्या भीतीपासून स्वतःच्या तत्त्वापर्यंत. आजारी बायकोसाठी औषध चोरणाऱ्या हाइन्झची गोष्ट सांगून, चोरावं की नाही यापेक्षा 'का', हे तो खोदून विचारी. पण १९५८च्या त्याच्या प्रबंधात होते सगळे मुलगेच! कॅरोल गिलिगनबाईंनी १९८२ साली यावरच बोट ठेवलं. त्यांच्या पुस्तकातली अकरा वर्षांची मुलगी म्हणते, चोरी नको, बायको मरायलाही नको. काहीतरी बोलून मार्ग काढावा. पायऱ्यांच्या मापानं ती बरोबरीच्या मुलाहून खाली उतरते. मला मात्र ती आमच्या स्वयंपाकघराच्या नात्यातली वाटली.

भाची पुढं मुलांच्या निरीक्षणगृहात जाऊ लागली. तिथं एक बारा वर्षांचा पोरगा होता, तांब्याची तार चोरताना सापडलेला. चोरी वाईट का? "मारतात म्हणून." बस्स! म्हणजे पहिली पायरी. 'नीतिकल्पना अविकसित' असं लिहून मोकळी हो, असं एका वरिष्ठानं सुचवलं. पण मुलाला घरी धाडायचं की संस्थेत, जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत, ठेवायचं, हे ठरवताना बाल न्याय मंडळ हा अहवाल पुढ्यात घेतं. शेरा एका ओळीचा, भोगायचा पोरानं. आणि ज्याला आजवर माराखेरीज दुसरं कारणच कुणी दिलं नाही, त्यानं दुसरं कारण आणावं तरी कुठून?

तिनं शेरा लिहिला नाही. संध्याकाळी ती नुसती कॅरमपाशी जाऊन बसली. तिथं हाच पोरगा पंच! सगळ्यांत लहान मुलाचा हात पुरत नाही, म्हणून त्यानं स्ट्रायकर रेषेपुढं ठेवायचा, हा नियम यानंच सुचवला आणि भांडून-तंडून इतरांच्या गळी उतरवला होता. भाचीनं अहवालात तारेची चोरी लिहिली, घरात मिळवतं कुणी नाही हे लिहिलं आणि कॅरमही लिहिला. मंडळानं पोराला मामाच्या हवाली केलं.

त्यानंतर तिथली बरीचशी पोरं बदलली. लहानाचा स्ट्रायकर अजून रेषेपुढंच असतो, असं भाची सांगते.