हजार नंबरची मी

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. माझं मराठी घरी बोलण्यापुरतं आणि लातूरच्या रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतं. त्यामुळे मॅडम जेव्हा म्हणाल्या, "काहीही लिही, पण मराठी विभागात लिही," तेव्हा पोटात गोळाच आला. पण एक गोष्ट गेल्या दिवाळीपासून मनात घोळतेय, आणि ती घडली मराठीतच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर पोटात घाला!

लातूरला आमच्या घरी एकच कॉम्प्युटर आहे. दादानं त्यावर उबुंटू टाकलंय. एक तर ते फुकट, आणि दुसरं म्हणजे पप्पांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे. (गंजगोलाईजवळ आमचं बारदान्याचं दुकान आहे.) कॉम्प्युटरवर तीन अकाउंट. पहिलं दादाचं, दुसरं माझं, तिसरं पप्पांचं. तिघांच्याही जुन्या फाइल एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवलेल्या. मागच्या जुलैत नांदेडला येताना ती डिस्क मी सोबत आणली, कारण माझे दुसऱ्या वर्षाचे सगळे प्रोग्रॅम तिच्यात होते. चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीत मांडीवर घेऊन बसले होते, तान्ह्या बाळासारखी.

होस्टेलवर आल्या आल्या लॅपटॉपला लावली आणि माझं फोल्डर उघडायला गेले, तर "परमिशन डिनाइड". माझंच फोल्डर आणि मलाच बंदी! माझी रूममेट मुखेडची. तिच्याकडे लॅपटॉप नाही, म्हणून माझ्यावरच तिचं एक अकाउंट काढून दिलंय. ती म्हणाली, "थांब, मी बघते." तिनं तिच्या अकाउंटवरून क्लिक केलं आणि माझं फोल्डर खटकन उघडलं. "कामून गं असं?" म्हणून ती हसत सुटली. मला काही हसू येईना. मग मी माझ्या अकाउंटवरून सहज दादाच्या फोल्डरवर क्लिक केलं. तेही उघडलं.

आता इथे थोडं टेक्निकल सांगावं लागेल. इतर ब्रँचच्या मित्रांनी पान उलटू नये, सोपं आहे.

लिनक्सच्या कर्नलला माणसाचं नाव कळतच नाही. त्याला कळतो फक्त नंबर, म्हणजे यूआयडी. नाव आणि नंबर यांची जोडी प्रत्येक मशीनवर एका वेगळ्या यादीत असते आणि ती आपल्या सोयीसाठी असते. रूट म्हणजे शून्य नंबर. उबुंटूवर साध्या माणसांची मोजणी १००० पासून सुरू होते. घरी पहिलं अकाउंट दादाचं, म्हणून तो १०००. मी १००१, पप्पा १००२. होस्टेलच्या लॅपटॉपवर मात्र पहिलं अकाउंट माझं, म्हणून इथे मी १०००, आणि रूममेट १००१. डिस्कवर प्रत्येक फाइलसोबत मालकाचा फक्त नंबर लिहिलेला असतो. डिस्क लातूरची आहे की नांदेडची, हे कर्नल विचारत नाही. त्यानं नंबर बघितला आणि निकाल दिला. कर्नलच्या लेखी मी दादा होते, आणि माझी रूममेट मी होती!

शाळेत माझा रोल नंबर ७ होता, इथे ४१ आहे. इथल्या ७ नंबरच्या मुलीनं माझं शाळेचं प्रगतिपुस्तक मागितलं, तर कुणी देईल का? नंबराला अर्थ असतो तो त्याच्या हजेरीपटात. हजेरीपट बदलला की नंबर तोच राहतो, माणूस बदलतो. कुणी म्हणेल, मग आमच्या पेनड्राइव्हला हा त्रास का होत नाही? कारण पेनड्राइव्हवर बहुतेक वेळा फॅट फाइलसिस्टीम असते, आणि तिच्यात मालक लिहायला जागाच नसते. जो लावेल तो मालक. आमच्या डिस्कवर दादानं ईएक्सटी-४ टाकलेलं, तिथे प्रत्येक फाइलला मालक असतोच.

दादाच्या फोल्डरमध्ये "नांदेड" नावाची एक फाइल होती. मला वाटलं, माझ्यासाठीच काहीतरी असेल. उघडली. त्यात माझा खर्च होता. फी, मेस, डिपॉझिट, एसटीचं भाडं, माझा तुटलेला चष्मासुद्धा. तारीखवार. शेवटी एक ओळ होती, "पुण्याचा क्लास, पुढच्या वर्षी." त्याच्या आदल्या वर्षाच्या पानावरही शेवटी तीच ओळ होती. मी फाइल बंद केली आणि त्या रात्री मेसला गेले नाही. दादाला एमपीएससीच्या क्लाससाठी पुण्याला जायचं होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तो का गेला नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डोकं लावलं, म्हणजे अक्कल पाजळली. नंबराचा गोंधळ आहे ना, मग नंबरच बदलून टाकू. मालक बदलायची एक कमांड असते. रूट होऊन ती संपूर्ण डिस्कवर, आतल्या प्रत्येक फोल्डरसकट चालवली. सगळं माझ्या नावावर. मिनिटभराचं काम. माझं फोल्डर उघडलं आणि मला वाटलं, झालं!

दिवाळीला डिस्क घेऊन घरी गेले. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी पप्पांना मागच्या वर्षीच्या उधारीची यादी हवी होती. ते बसले आणि समोर आलं "परमिशन डिनाइड". मी लगेच माझ्या अकाउंटवरून बघितलं, तिथेही तेच. दादानं बघितलं तर त्याच्याकडे सगळं उघडं. अहो, नांदेडला "माझा" नंबर १००० होता, आणि लातूरला १००० म्हणजे दादा! पप्पांचा हिशोब, माझ्या फाइल, आईच्या भिशीची यादी, सगळं एका कमांडमध्ये दादाच्या मालकीचं झालं होतं. पप्पा म्हणाले, "सगळं थोरल्याच्या नावावर करून ठेवलंस की गं! सातबारा तरी इचारून फिरवतेत."

सगळे हसले. पण खरा घोटाळा पुढे होता. तिघांची फोल्डरं वेगळी होती, ती दादानं पाच मिनिटांत परत ज्याची त्याला दिली. पण "घर" नावाच्या एका मोठ्या फोल्डरमध्ये आम्ही सगळ्यांनीच वर्षानुवर्षं टाकत आणलेलं. फोटो, पावत्या, स्कॅन, मार्कशीट, पत्रं. त्यातली कुठली फाइल कुणाची, हे फक्त त्या जुन्या नंबरावरून कळत होतं, आणि तो नंबर मी पुसून टाकला होता. मालक बदलताना आधीचा मालक कोण होता याची नोंद कुठेही राहत नाही. सातबाऱ्याचं एक बरं असतं, तिथे फेरफाराची नोंद तरी राहते. इथे काहीच नाही. भाऊबीजेपर्यंत मी आणि दादा एकेक फाइल उघडून "ही तुझी, ही पप्पांची" करत बसलो.

तेव्हा आजोबा शेजारी बसून बघत होते. त्यांनी विचारलं, "नेमकं काय झालं?" मी जमेल तसं सांगितलं. ते म्हणाले, "हे तर हाली-कलदारासारखं झालं." पणजोबांच्या वेळी लातूर निजामाच्या राज्यात होतं आणि बार्शी इंग्रजांकडे. १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरपर्यंत येत होती, माल तिकडे जायचा. इकडे चालायचा निजामाचा हाली रुपया, तिकडे इंग्रजांचा कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार असा भाव. आजोबा म्हणाले, "हद्द ओलांडली म्हणून हालीचं नाणं वितळवून कुणी कलदार पाडत नव्हतं. नाणं तेच राहायचं. हद्दीवर भाव लावायचा, येताना परत उलटा लावायचा."

आजोबांनी कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. पण कर्नलवाल्यांनी जे केलंय ते नेमकं हेच आहे, हे मला सुट्टीनंतर इथे येऊन वाचल्यावर कळलं!

त्याला म्हणतात आयडी-मॅप्ड माउंट. ख्रिश्चन ब्राउनर यांनी केलेलं हे काम एप्रिल २०२१ मध्ये लिनक्स ५.१२ मध्ये आलं. माझ्यासारखाच प्रश्न मोठ्या सर्व्हरवरही होता. २०१३ च्या लिनक्स ३.८ पासून यूजर नेमस्पेस नीट वापरता यायला लागले, म्हणजे कंटेनरच्या आत जो शून्य नंबरचा रूट, तो बाहेर समजा १,००,००० नंबरचा साधा माणूस. सुरक्षेसाठी उत्तम. पण मग डिस्कवरच्या लाखो फाइलींचं काय? प्रत्येक कंटेनरसाठी त्या सगळ्यांचे मालक बदलत बसायचे. वेळ जातो, जागा जाते, आणि एकच डिस्क दोघांना वापरता येत नाही. म्हणजे मी जे होस्टेलवर केलं, तेच शहाणी माणसं जगभर करत होती. वाचून जरा बरं वाटलं!

आयडी-मॅप्ड माउंटमध्ये डिस्कवरचं अक्षरही बदलत नाही. डिस्क जोडताना, म्हणजे माउंट करताना, तिच्यासोबत एक तक्ता द्यायचा. डिस्कवरचा १००१ म्हणजे या मशीनवरचा १०००. वाचताना कर्नल तक्ता लावून मला मालक दाखवतो. मी नवीन फाइल केली की उलटा तक्ता लावून डिस्कवर १००१ च लिहितो. ज्या नंबरांची ओळ तक्त्यात नाही, त्यांचा मालक ६५५३४, म्हणजे "नोबडी", असा दिसतो. तक्ता असतो त्या माउंटचा, त्यामुळे तीच डिस्क दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या तक्त्यांनी जोडता येते. हे दोन प्रकारचे नंबर कर्नलच्या कोडमध्ये एकमेकांत मिसळू नयेत म्हणून २०२२ मध्ये त्यांना दोन वेगळे टाइप देण्यात आले. चुकून मिसळले तर कंपायलरच अडवतो. चोपडीत हालीचा आणि कलदाराचा रकाना वेगळा, तसं.

आता माझ्या लॅपटॉपवर ती डिस्क आपोआप जोडली जात नाही. मीच जोडते, आणि २०२३ मध्ये माउंट कमांडला जो आयडी-मॅपचा ऑप्शन आला, तो लावते. यूजर आणि ग्रुप दोन्हींसाठी एकच ओळ आहे, फक्त माझी. दादाचं आणि पप्पांचं फोल्डर आता "नोबडी"च्या नावावर दिसतं. क्लिक केलं तर उघडत नाही. ते उघडत नाही, हेच मला आवडतं.

एक सांगायचं राहिलं. दिवाळीत जेव्हा सगळं दादाच्या नावावर झालं होतं, तेव्हा माझं फोल्डरही त्याला उघडं होतं. त्यात माझी डायरी आहे. भाऊबीजेच्या रात्री मी भीत भीत विचारलं, तर म्हणाला, "हो, उघडं दिसलं. आत न बघता पहिलं तेच तुझ्या नावावर केलं."

मग मला गप्प राहवेना. नांदेडला त्याची फाइल मी वाचली होती हे सांगून टाकलं. पुण्याच्या क्लासचंही. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तो हिशोब आहे, चिठ्ठी नाही. वाचलास तर वाचलास. एम-थ्री काढ आधी."

एम-थ्री निघाला. या वर्षी त्याच्या फाइलमध्ये शेवटची ओळ काय आहे, मला माहीत नाही. तक्त्यात माझ्याकडे त्याची ओळच नाही. त्यामुळे आता मी दर रविवारी फोन करून त्यालाच विचारते.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी