पॉटी ट्रेनिंग नक्की कुणाचं?

बाळ झालं की नवरा-बायकोच्या गप्पांचा विषयच बदलतो. अप्रेझल, नवा सिनेमा, वीकएण्डचा प्लॅन सगळं मागे पडतं आणि ‘आज शी झाली का?’ यावर सिरियस चर्चा सुरू होते. हसू नका, तुमच्याकडे बाळ असेल तर तुमचंही हेच चाललेलं असणार!

आमच्याकडे मात्र या विषयातल्या एक्स्पर्ट आहेत सासूबाई. लेक पाच महिन्यांची आहे. तिचं दूध पिऊन झालं की आई पाय पसरून बसतात, तिला धरून पावलांवर बसवतात आणि ‘शूऽऽ शूऽऽ’ करतात. बहुतेक वेळा काम फत्ते!

‘अहो आई, तुम्हाला कळतं कसं?’

‘अगं, त्यात काय कळायचंय? झोपून उठली की शू, दूध प्यायली की शी. आणि तोंडाकडे बघ की तिच्या!’

आईंचं गणित बरोबर आहे. पोटात दूध गेलं की आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून पिऊन झाल्यावर शी होण्याचा चान्स जास्त. १९७७ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या अमेरिकन जर्नलमध्ये पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजाबद्दल एक पेपर आला होता. तिथे बाळाला पहिल्या काही आठवड्यांतच असं धरायला सुरुवात करतात आणि पाच-सहा महिन्यांत ते बऱ्यापैकी कोरडं राहायला लागतं. पुढे २००१ मध्ये इन्ग्रिड बाउअर यांचं ‘डायपर फ्री’ हे पुस्तक आलं आणि आजीच्या या पद्धतीला ‘एलिमिनेशन कम्युनिकेशन’ असं भारदस्त नाव मिळालं!

मग १९६२ मध्ये ‘घाई नको, मूल तयार होऊ दे’ असं सांगणारे अमेरिकेतले डॉ. बेरी ब्रेझल्टन चुकले का? तसं नाही. ते बोलत होते स्वतःहून पॉटीवर जाणाऱ्या मुलाबद्दल. ते साधारण दोन वर्षांच्या आसपास किंवा त्यानंतरच जमतं. पाच महिन्यांच्या बाळाला कंट्रोल कुठला? खुणा ओळखून वेळेवर उचलायचं काम मोठ्या माणसाचं. म्हणजे ट्रेनिंग होतं ते आपलं!

आणि खरी गोची इथेच आहे. ही पद्धत चालते ती कुणीतरी दिवसभर बाळाकडे बघत असेल तरच. आजवर ते ‘कुणीतरी’ म्हणजे घरातली बाई, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह मिळते. माझी पुढच्या महिन्यात संपतेय. आईंचे गुडघे दुखतात. पाळणाघरात डायपर कम्पल्सरी. तिथल्या ताईंना एवढ्या मुलांत एकेकीचा चेहरा बघत बसायला सांगणार कोण?

म्हणून आम्ही मधला मार्ग काढलाय. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी घरी आल्यावर पायावर बसवायचं, मधल्या वेळेत डायपर. नाही झाली शी, तर उठायचं. जबरदस्ती नाही, ओरडा तर नाहीच नाही.

सकाळची शिफ्ट नवऱ्याची. ‘मला नाही जमणार’ म्हणाला, तेव्हा आईंनीच त्याला खाली बसवलं आणि पाय कसे ठेवायचे ते दाखवलं. चार वेळा पायजमा भिजला, पाचव्या वेळी जमलं.

तुमच्याकडेही अशा आजी असतील तर त्यांच्याकडून जरूर शिकून घ्या. फक्त शिकायला दोघंही बसा.